खांदा ते जमीन, छप्पन्न इंच

३ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणाले, "आता बाहेर चालू द्या. पण घरातला वॉकर बाहेर नको. खडबडीत जमिनीसाठी वेगळा मिळतो, नीट बघून घ्या." नीट म्हणजे काय, ते सांगायच्या आत पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

हे बाथरूममध्ये घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं, त्याला आज नऊ आठवडे झाले. यांना लांब कुठे जायचं नाही. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे मोकळी जागा आहे आणि ती ओलांडली की वन्संचं घर. वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद, वय चौऱ्याऐंशी. हे एकोणऐंशी. निवृत्त झाल्यापासून हे रोज दुपारी तीनला ताईकडे पत्ते खेळायला जात. रस्त्याने जावं तर गाडी वन्संच्या घराखाली बावीस पायऱ्यांशी थांबते. त्या पायऱ्या आता यांना झेपणार नाहीत, आणि वन्संना तर दोन वर्षांपासून झेपत नाहीत. तेव्हा ती मोकळी जागा, एवढी एकच वाट.

हे बसमध्ये कंडक्टर होते. निरोपाच्या दिवशी मिळालेली बसची जुनी घंटा यांनी बहिणीला देऊन टाकली. वन्संचा दुपारचा चहा झाला की त्या खिडकीत बसून दोनदा वाजवतात. कंडक्टरच्या भाषेत एक घंटा म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला. हे येऊ शकत नाहीत हे ठाऊक असूनही त्यांनी नऊ आठवडे एक दिवस घंटा चुकवलेली नाही. हे खुर्चीतून "आलो, आलो" म्हणतात आणि बसून राहतात. मला ते ऐकवत नाही म्हणून मी त्या वेळी नळ सोडून भांडी घासते.

संध्याकाळी भाच्याचा, वन्संच्या मुलाचा, फोन आला. अठ्ठावीस तारखेला तो वन्संना आपल्याकडे कायमचं नेणार आहे. दोन दिवसांचा प्रवास. हे ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, "त्याआधी मी तिच्याकडे जाऊन येईन. माझ्या पायांनी."

पंचवीस दिवस आहेत. एक वॉकर निवडायला पुष्कळ झाले.

४ फेब्रुवारी

सकाळी ती जागा मोजून काढली. घरात शिवणकामाची साठ इंची टेपच आहे, तिनेच मोजली. त्रेचाळीस टेपा भरली. पलीकडच्या बाई गच्चीवरून विचारत होत्या, "काय हो, जमिनीला झगा शिवताय का?"

फाटकाबाहेर आठ टेपांपर्यंत बारीक खडी. मग झाडाच्या मुळ्या, त्यांत पाय अडकेल अशा दोन जागा. अकराव्या टेपेला कोरडा नाला, त्यावर फरशी टाकलेली, पण ती एका बाजूला कललेली. पुढे कुणीतरी घर बांधायला घेऊन सोडून दिलेला पाया, दगडच दगड. आणि तिसाव्या टेपेपासून वन्संच्या दारापर्यंत उतार. नऊ आठवड्यांपूर्वीपर्यंत हे या वाटेवरून रोज जात होते आणि मला कधी त्यातला एक दगड दिसला नव्हता.

५ फेब्रुवारी

दुकानात गेले. दुकानदार तसा भला आहे, पण मला मावशी म्हणतो आणि हळू बोलतो, जणू माझे कान गेलेत. म्हणाला, "मावशी, काकांना घेऊन या. माणूस ताठ उभा राहिला, हात खाली सोडले, की मनगटाची घडी जिथे येते तिथे हँडल हवं. बाकी सगळं नंतर."

मी म्हटलं, "त्यांना आणायची गरज नाही. माप माझ्याकडे आहे."

बेचाळीस वर्षं मी लोकांचे कपडे शिवले. नवऱ्याचं माप मला झोपेत विचारा. तरी वही नेली होती. आमच्या मुलाच्या लग्नात यांना लांब कोट शिवला तेव्हाचं पान आहे. खांदा ते जमीन छप्पन्न, बाही साडेतेवीस. छप्पन्नातून बाही वजा केली की मनगट साडेबत्तीसवर येतं. बुटाचा अर्धा इंच धरून तेहतीस. दुकानदाराने पान बघितलं आणि विचारलं, "किती वर्षं झाली याला?" मी म्हटलं, अकरा. तो म्हणाला, "तरी एकदा उभं करून..." मी म्हटलं, "अहो, माणूस काय वाढत्या अंगाचा आहे?" त्याने वही मिटून परत दिली.

पुढे दोन लहान चाकं आणि मागे रबरी बूट, असा वॉकर आणला. पायांना इंचाइंचावर भोकं असतात, तेहतीसच्या भोकात खिळा बसवून घेतला. आवडला नाही तर बदलून देईन म्हणाला.

हे त्याच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "बत्तीस वर्षं लोकांना धरून उभे राहा म्हणून ओरडलो. स्वतः कधी दांडा धरला नाही." मी म्हटलं, "आता धरा. तिकीट काढलंय तुमचं." हसले. बरेच दिवसांनी हसले.

७ फेब्रुवारी

फाटकाबाहेर गेलो. तिसऱ्या टेपेलाच चाकं खडीत रुतली. हे ढकलतात, तो हलत नाही. सोडवायला वाकले तर जातील तोंडावर, म्हणून मीच गुडघे टेकून खडी उकरत बसले. यांचे खांदे पार कानाशी गेले होते. भ्यायलेला माणूस तसाच चालतो.

"जरा उंच वाटतो गं," म्हणाले.

"माप बरोबर आहे. चाकं लहान आहेत."

"असेल."

परत आलो. तीनला घंटा झाली.

९ फेब्रुवारी

यांच्या पँटा टाचेखाली येतात आणि बुटात अडकतात. परवाही बहुतेक त्यानेच अडखळले. तिन्ही पँटा दुमडून टाके घातले. मागच्या वर्षी एकदा दुमडल्याच होत्या. पूर्वी कापड धुतलं की आटायचं, हल्लीचं लांबतं. कलियुग, दुसरं काय.

वरच्या फळीवरचा रेडिओ लावा म्हटलं तर हल्ली मलाच सांगतात. हात पुरतो, पण अंगात आळस भरलाय. दुखण्याच्या आधीपासूनच.

११ फेब्रुवारी

वॉकर बदलून आणला. हा चार पायांचा, चाकंच नाहीत, बूट रुंद. दुकानदार पुन्हा म्हणाला काकांना आणा. मी पुन्हा वही दाखवली. घरी येऊन तेहतीसच्या भोकांवर काज करायच्या जाड दोऱ्याने गुंडाळून टाके घालून टाकले, म्हणजे कुणी उगाच हात लावायला नको.

१४ फेब्रुवारी

खडी पार झाली. मुळ्याही. हे वॉकर उचलतात, पुढे टेकतात, एक पाऊल टाकतात. पण चारातला एक पाय दगडावर जातो, दुसरा खळग्यात, आणि सगळं लटपटतं. उचलताना हात छातीपर्यंत वर जातात, त्यानेच निम्मा जीव दमतो. अकराव्या टेपेला फरशीशी उभे राहिले. ती कललेली, एक पाय अधांतरी. मी मागून सदरा धरला होता.

तेवढ्यात पलीकडून टण टण.

बहिणीने बोलावलं आणि भाऊ नाल्याच्या अलीकडे. हे "आलो" म्हणाले नाहीत. फरशीकडे बघतच म्हणाले, "चल परत." परतीच्या वाटेवर मला रडू आलं. मी मागे होते, म्हणून त्यांना दिसलं नाही.

१५ फेब्रुवारी

व्यायाम करून घ्यायला येते ती मुलगी आज बोललीच. तिला आम्ही एकदोनतीन म्हणतो, कारण तिच्या तोंडात दुसरं काही नसतं. यांना वॉकर धरून उभं केलं आणि म्हणाली, "काकू, हँडल उंच आहे. काकांचे कोपर बघा किती वाकलेत. भार हातांवर येतच नाही. एकदा मोजून बघू का?"

माझ्या मापाला नावं ठेवणारी आजवर एक भेटली नव्हती. मी म्हटलं, "पोरी, तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून मी मापं घेते."

ती यांच्याकडे बघायला लागली. मला वाटलं हे माझी बाजू घेतील. घेतलीही. म्हणाले, "राहू दे. ती सांगते तेवढंच असेल." पण बोलताना माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते.

दुपारी जेवले नाहीत.

१८ फेब्रुवारी

तिसरा वॉकर. दहा दिवस उरलेत, म्हणून दुकानदाराला सांगितलं, जो उत्तम असेल तो दे. चार मोठी चाकं, हवा भरल्यासारखी जाड. दोन्ही हँडलांना सायकलसारखे ब्रेक. मध्ये बसायला सीट. दमलं की ब्रेक लावायचा, वळायचं, बसायचं. हँडल तेहतीसवर घट्ट करून घेतलं.

१९ फेब्रुवारी

आज मी एकटीने तो वॉकर घेऊन सगळी वाट पार करून बघितली. खडीत रुतत नाही, मुळ्यांवरून चढतो, फरशीवर कलत नाही. हँडल मला बरंच उंच पडत होतं, पण वॉकर माझा थोडाच आहे.

वन्संकडे टेकले. खिडकीतल्या खुर्चीत बसल्या होत्या, मांडीवर घंटा. पेट्या भरून झाल्यात. मी सांगितलं, दोन दिवसांत येतात बघा तुमचे कंडक्टर. त्या म्हणाल्या, "येऊ दे. पण काय गं, तो वाकून चालायला लागलाय का?"

"नाही तर."

"तुमच्या भिंतीवरून पूर्वी मला त्याचं अर्धं तोंड दिसायचं. भिंतीच्या कडेकडेने चालत फाटकाशी जायचा ना. मग नुसते डोळे दिसायला लागले. पडला त्याच्या आधी तर निव्वळ टोपी यायची चालत."

मी म्हटलं, "वन्सं, मोतीबिंदू झालाय तुम्हाला."

त्या म्हणाल्या, "असेल."

भावंडं अगदी एकाच मुशीतली आहेत.

२१ फेब्रुवारी

पडले.

फरशी ओलांडली होती. जुना पाया ओलांडला होता. तीस टेपा झाल्या होत्या. मी मोजत होते आणि मनात म्हणत होते, झालं, आता झालं. उतार लागला आणि वॉकर पुढे पळाला. हे मागे राहिले, हात पुढे ताणलेले. मी ओरडले, ब्रेक दाबा. दाबत होते, बोटं हँडलाला कशीबशी पोचत होती, जोर लागेना. डाव्या हातावर पडले.

मनगट मोडलं. खुबा वाचला. सहा आठवडे प्लास्टर. तोपर्यंत कुठलाच वॉकर धरता येणार नाही.

वन्सं खिडकीत होत्या. त्यांनी सगळं पाहिलं.

२३ फेब्रुवारी

प्लास्टरवर कुठलाच सदरा चढत नाही. बाही उसवून रुंद पट्टी घालावी म्हणून आज यांना दाराच्या चौकटीला टेकून उभं केलं आणि टेप काढली. अकरा वर्षांनी. मध्ये इतके सदरे शिवले, पण सगळे वहीतल्या पानावरून.

चांगल्या हाताची बाही मोजली. साडेतेवीस. बरोबर साडेतेवीस. मला इतकं बरं वाटलं की मी म्हटलंच, "बघा, त्या एकदोनतीनला सांगा आता." आणि तिचं तोंड कायमचं बंद करावं म्हणून खांदा ते जमीनही घेतलं.

त्रेपन्न.

टेप दुमडली असेल म्हणून पुन्हा घेतलं. त्रेपन्न. टेप जुनी झाली, ताणली असेल, म्हणून लाकडी पट्टी आणून टेपच मोजली. टेप ठीक आहे. तिसऱ्यांदा यांना म्हटलं, "अहो, ताठ उभे राहा." हे म्हणाले, "हा ताठच आहे गं."

तीन इंच. हँडल तीसवर हवं होतं. तीनही वॉकर तीन इंच उंच. दुकानदार सांगत होता, एकदोनतीन सांगत होती, वन्संनी खिडकीतून सांगितलं, स्वतः यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. पँटा सांगत होत्या. मी मात्र दोरे गुंडाळून टाके घालून ठेवले.

मी जमिनीवर बसले होते, टेपेचं टोक यांच्या टाचेशी धरून. उठवेना. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं?"

म्हणाले, "मला आरशात दिसतं की. टोपी लावायची खुंटीही वर गेली."

"मग बोलला का नाहीत? ओरडायचं माझ्यावर."

 मग म्हणाले, "तू त्या वहीतून इतक्या खात्रीने वाचायचीस. मला वाटायचं, असेन अजून तेवढा."

२५ फेब्रुवारी

भाचा आला होता. म्हणाला, "मामा, चौघं मिळून तुम्हाला खुर्चीतून उचलून आईकडे नेतो. दहा मिनिटांचं काम." हे म्हणाले, "चौघांनी न्यायची वेळ एकदाच येते. ती अजून आलेली नाही."

मग तो म्हणाला, जाताना गाडी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबवतो. त्याला वन्संचाच नकार. गाडीत आडवी घातलेली बहीण त्याने बघायची नाही, म्हणाल्या. कुणाची समजूत घालू? दोघांच्याही बाजूने मलाच बोलता येतं, आणि त्याचा उपयोग शून्य.

२६ फेब्रुवारी

अंगणातल्या भिंतीशी जाऊन उभी राहिले. वन्संची खिडकी बरोबर समोर. फाटक डावीकडे आहे, पण तिथून खिडकी झाडाच्या आड जाते. भिंत मोजली. बरोबर एक टेप, साठ इंच. यांना तिथे उभं केलं तर पलीकडे टोपीच दिसणार.

कोपऱ्यावरच्या गवंड्याला बोलावलं. विचारलं, वरचा विटांचा एक थर काढला तर भिंत किती उतरेल? तो म्हणाला, "चुन्यासकट तीनेक इंच. पण आजी, लोक भिंत वाढवून मागतात. तुम्ही छाटताय कशाला?"

मी म्हटलं, "माप चुकलं होतं."

२८ फेब्रुवारी

अंगणातली फरशी सपाट आहे. सकाळी नऊला एकदोनतीन आली, सुट्टी असून आली. तिने उजवीकडून धरलं, मी प्लास्टरच्या बाजूने कमरेला. हे भिंतीशी उभे राहिले. टोपी, कपाळ, डोळे, नाक. एवढं भिंतीच्या वर.

वन्सं खिडकीत होत्या. प्रवासाचे कपडे, डोक्याला रुमाल. इतक्या लांबून चेहरा काही दिसत नव्हता. यांनी उजवा हात वर केला. त्यांनीही केला. मग कुणालाच पुढे काय करायचं ते सुचेना. तशीच हात वर करून दोघं उभी, म्हणजे हे उभे आणि त्या बसलेल्या.

यांच्या तोंडातून "आलो" निघालं, हळू. मलाच ऐकू आलं असेल.

पलीकडून घंटा झाली. एकच. टण.

हे थांबले. म्हणजे होतेच थांबलेले, पण हात खाली घेतला. मागून भाचा दिसला, खुर्ची वळली, खिडकी रिकामी झाली. यांना आत नेईपर्यंत हे एकदोनतीनला समजावत होते, "एक म्हणजे थांबा. दोन म्हणजे चला. एक म्हणजे थांबा." ती बरं म्हणत होती.

तीनला मी सवयीने नळ सोडला. मग बंद केला.

१४ एप्रिल

प्लास्टर निघून दहा दिवस झाले. मोठ्या चाकांचा वॉकर ठेवून घेतला होता. हँडल तीसवर आहे. दोरा गुंडाळलेला नाही. अंगणात रोज फेऱ्या चालू होत्या.

आज तीनला हे उठले, बूट घातले, टोपी चढवली. मी विचारलं, कुठे? म्हणाले, "पत्ते खेळायला."

मी चपला घातल्या. मागोमाग गेले. खडी. मुळ्या. फरशी. पाया. यांचे खांदे खाली होते, कोपर सैल, सगळा भार तळहातांवर. उतारावर मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा हे ब्रेक दाबत, थांबत, पुन्हा सोडत उतरत होते, एखाद्या मुरलेल्या ड्रायव्हरसारखे. त्रेचाळीस टेपा. एकदाही अडखळले नाहीत.

वन्संच्या दाराला कुलूप आहे. हे दारासमोर उभे राहिले. मग ब्रेक लावला, वळले, सीटवर बसले. धाप लागली होती. म्हणाले, "चांगला आहे गं हा. चांगला निवडलास."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

यांनी खिशातून फोन काढून माझ्याकडे दिला. मी लावला. भाच्याने उचलला. आई हल्ली फोनवर फारसं बोलत नाही, ऐकूही कमी येतं, म्हणाला, तरी देतो. हे जरा मोठ्याने म्हणाले, "ताई, आलो. तुझ्या दारात आहे. माझ्या पायांनी आलो."

पलीकडे काहीच नाही. श्वास ऐकू येत होता, तोही त्यांचाच की नाही कोण जाणे. मी फोन घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात घंटा झाली. दोनदा.

हे उठले नाहीत. फोन कानाशी तसाच धरून ठेवला. मी शेजारी पायरीवर बसले. "चला म्हणतायत," मी म्हटलं. हे म्हणाले, "हो. बसू अजून थोडं."

ऊन उतरल्यावर परत आलो.